हे जाणार की राहणार? बोटीनं घरसामान पाठवण्याच्या सेवेचा आमचा अनुभव

परदेशी कायमचं राहायला येताना आम्ही घरातलं सामान बोटीनं पाठवलं. ‘दारापासून दारापर्यंत’ म्हणतात ती सेवा. तिकडच्या घरून खोकी भरून न्यायची आणि इकडच्या घरात आणून द्यायची. त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून निघायच्या तयारीत असलेल्या तिघी-चौघींनी मला फोन करून विचारलं आणि दर वेळी तासभर बोलूनही काहीतरी सांगायचं राहूनच गेलं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी एक मोठी तक्रार आहे आणि ती एका कुटुंबाच्या अनुभवातून आलेली आहे. शिवाय या धंद्याची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. ती आधी कळली तर कुठलीही कंपनी निवडताना उपयोगी पडेल.

निकाल आधीच सांगते. पॅकिंगला पैकीच्या पैकी गुण. बोट निघाल्यानंतरच्या संपर्काला नापास. इकडच्या पोचवणीला चांगले. पुन्हा कधी देश बदलायची वेळ आली तर मी याच मार्गानं सामान पाठवीन, पण निम्मंच.

माझा नवरा नोकरीसाठी चार महिने आधी पुढे आला होता. मागे मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी. घर रिकामं करायला आई-बाबा येऊन राहिले होते. सर्व्हेला कंपनीचा एक मुलगा आला. कपाटं उघडून, पलंगाखाली वाकून बघत त्यानं हातातल्या टॅबवर एकेक वस्तू टिपली. बोटीच्या सामानाचे पैसे वजनावर नाही, सामान किती जागा व्यापतं त्यावर लागतात, म्हणजे घनमीटरवर. विमानाच्या २३ किलोच्या बॅगेत पुस्तकं जीव काढतात, पण बोटीवर तीच सगळ्यात परवडतात. उलट गाद्या, उशा, मुलांची फुगीर खेळणी भाव खाऊन जातात. त्याचा अंदाज निघाला साडेपाच घनमीटर. प्रत्यक्षात सात भरले, कारण मी त्याला माळा दाखवायलाच विसरले. माळा, गॅलरी, पार्किंगमधली सायकल, शेजारी ठेवायला दिलेली वस्तू, सगळं सर्व्हेच्या दिवशीच दाखवा. अंदाजावर दिलेला भाव प्रत्यक्ष मापावर वाढतो आणि तेव्हा खोकी गाडीत चढलेली असतात, घासाघीस करायला जागा उरत नाही.

वीस फुटी कंटेनरमध्ये आतली जागा साधारण ३३ घनमीटर असते. आमचं सात. म्हणजे आम्ही भागीतल्या कंटेनरमधले. यात स्वस्त पडतं, पण बाकीच्या लोकांचं सामान येऊन कंटेनर भरेपर्यंत आपलं गोदामात पडून राहतं. आमचं १६ दिवस राहिलं. ‘सहा ते आठ आठवडे’ असं जे सांगतात ते बोट सुटल्यापासून मोजतात. घरातून खोकी गेल्यापासून मोजलं तर आमचे तेरा आठवडे झाले.

आता पॅकिंगचा दिवस.

सकाळी साडेआठला चौघं आले. मुकादम पन्नाशीचा, मितभाषी. मला ताई, आईला मावशी, बाबांना काका. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं घर फिरून पाहिलं, दिवाणखान्यात जुनी चादर अंथरून त्यावर रिकाम्या खोक्यांची चळत लावली आणि कामाला सुरुवात केली. त्यांच्या हाताचं कसब बघत राहावं असं होतं. पुस्तकांना मुद्दाम लहान खोकी, म्हणजे एका माणसाला उचलता येतात. बशा आडव्या एकावर एक न रचता कडेवर उभ्या, मध्ये कागद. काचेच्या वस्तूभोवती आधी मऊ कागद, मग बुडबुड्यांचं प्लास्टिक, मग पुठ्ठा. प्रत्येक खोक्यात ओल शोषणारी पाकिटं, कारण कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो आणि आतल्या पत्र्यावर पाणी धरतं. तेरा आठवड्यांनी माझ्या एकाही पुस्तकाला बुरशी नव्हती.

आजीचं शिलाई मशीन होतं, पायाचं. त्याच्यासाठी लाकडी पेटी करून आणली होती आणि तिच्यावर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का होता. मी विचारलं तेव्हा मुकादमानं सांगितलं, की लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून हे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं असतं आणि शिक्का नसेल तर पेटी बंदरातच अडवतात. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कुणी ओळखीच्या सुताराकडून पेटी करून घेणार असाल तर हे आधी बघा. तसंच बुटांच्या तळव्यांची, सायकलच्या टायरची माती घासून काढा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत.

पण त्या दिवसातलं माझ्या डोक्यात बसलेलं आहे ते त्याचं एकच वाक्य. ‘ताई, हे जाणार की राहणार?’

दर वस्तूला तो विचारायचा. विचारायलाच हवं, त्याचं कामच ते. पहिल्या तासात मी पटापट सांगत होते. हे जाणार, ते राहणार, हे बाजूला ठेवा, द्यायचंय. दुपारपर्यंत माझी उत्तरं हळू यायला लागली. मुलीच्या पहिल्या वर्षाचं अंथरूण. लग्नात आलेला, कधीच न वापरलेला टी-सेट. नवऱ्याच्या वडिलांचा चष्मा. अशा वस्तू हातात धरून तो माणूस उभा राहतो आणि आपण तीन सेकंदांत ठरवायचं, की ही वस्तू आपल्या पुढच्या आयुष्यात असेल की नाही. तीनच्या सुमारास मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले आणि आईला म्हटलं, आता तू सांग, मला नाही जमत.

आई बाहेर गेली. थोड्या वेळानं मला मुकादमाचा तोच प्रश्न ऐकू आला आणि मग कुणाचंच उत्तर ऐकू येईना. बाहेर येऊन बघते तर तो बाबांच्या घडीच्या खुर्चीबद्दल विचारत होता. बाबा आमच्याकडे आले की बसायचे ती कापडी खुर्ची, खास त्यांच्या पाठीसाठी घेतलेली. आणि बाबा त्यात बसलेले होते. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ‘राहणार.’ बाबा लगेच उठले, खुर्चीची घडी घातली आणि भिंतीला टेकवून ठेवली. ‘बरोबर आहे,’ म्हणाले. ‘तिकडे मिळतात.’

म्हणून कळकळीनं सांगते, जाणार आणि राहणार हे पॅकिंगच्या दिवशी ठरवू नका. किमान दोन आठवडे आधी, घर शांत असताना, एकेका खोलीत बसून ठरवा. रंगीत टिकल्या लावा. जे विमानातून न्यायचं ते सगळं एका खोलीत ठेवून खोलीला कुलूप घाला आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. पॅकर लोक समोर दिसेल ते भरतात, त्यांना घाई असते. आमच्या टेबलावरची निळी फाइल अशीच भरली गेली. तिच्यात मुलीच्या लसीकरणाचं पुस्तक होतं. इकडे शाळेनं ते पहिल्याच आठवड्यात मागितलं. तेव्हा ते समुद्रात कुठेतरी होतं. शेवटी जुन्या डॉक्टरांकडून बाबांनी नव्यानं लिहून घेतलं आणि फोटो पाठवला, त्यावर निभावलं. जन्माचे, लग्नाचे दाखले, पदव्या, अपोस्टिल केलेले सगळे कागद, औषधं, दागिने, लिथियम बॅटरीच्या वस्तू यांतलं काहीही बोटीत जाता कामा नये. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग कराराप्रमाणे दाखल्यावर लागणारी ती खूण. तिच्यासाठी आपण रांगा लावलेल्या असतात, तो कागद तर उशाशीच ठेवावा.

यादीबद्दल दोन गोष्टी. पॅकर प्रत्येक खोक्याला नंबर घालून आत काय आहे ते यादीत लिहितो. ही यादी जकातीला जाते. ‘किरकोळ सामान’ असं लिहू देऊ नका, नेमकं लिहायला लावा. आणि घर बदलणाऱ्यांना जकातमाफी बहुतेक देशांत मिळते ती वापरलेल्या सामानावर. युरोपीय संघाचा नियम असा, की वस्तू आधी किमान सहा महिने तुमच्या वापरात असली पाहिजे, तिकडे राहायला गेल्यावर वर्षाच्या आत ती आणली पाहिजे आणि आणल्यावर वर्षभर विकता येत नाही. म्हणजे निघायच्या आदल्या महिन्यात केलेली नवी कोरी खरेदी, जी आपण सगळेच उत्साहानं करतो, ती या माफीत बसत नाही. विजेच्या वस्तूंची मागची पट्टी वाचा. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलं असेल तर कुठेही चालेल. फक्त २२०-२४० लिहिलं असेल आणि तुम्ही ११०-१२० च्या देशात चालला असाल तर ती वस्तू देऊन टाका. आजीच्या मशीनला हा प्रश्नच नव्हता.

विम्याला मी आधी नाही म्हणत होते. नवऱ्यानं हट्टानं घ्यायला लावला आणि त्याचं बरोबर होतं. खोकी फुटणं-हरवणं वेगळं, पण समुद्री वाहतुकीत ‘जनरल ॲव्हरेज’ नावाचा जुना दंडक आहे. बोटीवर संकट आलं आणि ती वाचवायला खर्च करावा लागला, तर तो बोटीच्या आणि तिच्यावरच्या सगळ्या मालाच्या मालकांनी वाटून घ्यायचा, तुमचं सामान धडधाकट असलं तरी. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाची मालबोट सुएझ कालव्यात ६ दिवस अडकली होती, तेव्हा हेच झालं. बोटीच्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं आणि ज्यांचा विमा नव्हता त्यांना आपला वाटा हमी म्हणून भरल्याशिवाय माल मिळेना. ती बोट जुलैपर्यंत इजिप्तमध्येच रोखून ठेवलेली होती. मात्र विम्यातली एक मेख बघून घ्या. आपण स्वतः भरलेल्या खोक्यावर यादीत तशी नोंद होते आणि आत काही फुटलं तर बहुधा भरपाई मिळत नाही. आमची दोन खोकी बाबांनी भरली होती. एकात काचेची बरणी फुटली. मिळालं काही नाही. मी त्याबद्दल कंपनीला दोष देत नाही.

आता तक्रार.

सामान गेल्यावर आम्ही दोघी विमानानं आलो. चार बॅगा. घरात भाड्यानं घेतलेली गादी, एक टेबल, दोन खुर्च्या. बोललं की आवाज घुमायचा. पहिले काही दिवस मुलीला गंमत वाटली, मग ती रोज विचारायला लागली, ‘माझं खोकं कुठे पोचलं?’ तिनं स्वतःच्या खोक्यावर मांजर काढलं होतं, मुकादमानं तिला मार्कर दिला होता. मी बोटीचं नाव घेऊन फोनवरच्या ॲपमध्ये तिचा ठिपका दाखवायचे. रोज शाळेत जाण्याआधी आम्ही तो ठिपका बघायचो. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की साध्या ॲपवर दिसेनाशी होते, तेव्हा ठिपका दिवसचे दिवस हलत नाही. मी तिला सांगायचे, समुद्र फार मोठा आहे ना. मग एक दिवस कळलं, की मधल्या बंदरात कंटेनर दुसऱ्या बोटीवर चढवला होता. आम्ही आठवडाभर भलत्याच बोटीचा ठिपका बघत होतो.

हे कंपनीनं सांगायला हवं होतं. त्या काळात मी पाच ईमेल पाठवले. १९ दिवस उत्तर नाही. फोन केला तर, ‘मॅडम, डॉक्युमेंट दुसऱ्या टीमकडे आहे.’ शेवटी उत्तर आलं ते दोन ओळींचं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे पुष्कळ बोटी सुएझ सोडून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जात होत्या आणि त्यात दहा-पंधरा दिवस वाढतात, आमचीही तशीच गेली. उशिराबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण परक्या देशात, रिकाम्या घरात, ज्याचं सगळं घर एका लोखंडी पेटीत बंद आहे अशा माणसाला १९ दिवस उत्तर न देणं फार वाईट आहे. त्यांच्यासाठी तो एक कंटेनर असतो. माझी मुलगी त्याच्यासाठी रोज उठल्याबरोबर फोन मागत होती. तुम्ही जाल तेव्हा बोटीच्या नावावर विसंबू नका. चार अक्षरं आणि सात आकडे असलेला कंटेनर नंबर पहिल्या दिवशीच लेखी मागून घ्या. बोट बदलली तरी तो बदलत नाही आणि शिपिंग लाइनच्या साइटवर थेट शोधता येतो.

आणखी एक. ज्यांना आपण पैसे देतो ते आणि इकडे दारात येतात ते बहुतेक वेळा वेगळे असतात. इकडचं काम इथला एजंट करतो. बंदरातल्या हाताळणीचा खर्च, जकातीची तपासणी, जिन्याचे मजले, गाडी दारापर्यंत न आल्यास लहान गाडीचा खर्च, हे भावात धरलंय का ते एकेक करून विचारा आणि लेखी घ्या. आम्ही जिना विचारला होता, बंदराचा खर्च विचारला नव्हता. तो इकडे भरावा लागला. कंपनी निवडताना ‘फाइम’ प्रमाणपत्र आहे का तेही बघा. फिडी नावाची या धंद्याची आंतरराष्ट्रीय संघटना ते देते, कंपनीची बाहेरच्या माणसांकडून तपासणी करून.

सामान आलं त्या दिवशी पाऊस होता. दोघं जण, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकदाही कुरकुर नाही. बूट काढून आत येत होते, मी सांगितलेलं नसताना. आणि मग एक घोटाळा झाला. खोक्यांवर नंबर बाबांनी घातले होते. मुकादमाला मदत म्हणून, जाड मार्करनं, त्यांच्या सुंदर वळणदार अक्षरात, मराठी आकड्यांत. बाबा आयुष्यभर नकाशे काढण्याच्या कामात होते, त्यांचे आकडे छापल्यासारखे असतात. यादी मात्र इंग्रजीत. इथल्या माणसानं ४ नंबरच्या खोक्यावर इंग्रजी आठ वाचला आणि १ वर इंग्रजी नऊ. त्याच्या कागदावर आठ दोनदा आले, नऊ दोनदा आले, एक आणि चार हरवले. तो गंभीर होऊन मला सांगायला लागला की दोन खोकी कमी आहेत आणि मला नोंद करावी लागेल. मी खोक्यांजवळ गेले, बघितलं, आणि तिथेच खाली बसून रडायला लागले. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं सामान हरवलं म्हणून रडते आहे. मग मी त्याचा पेन घेऊन त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात १ ते १० आकडे लिहून दिले आणि बाकीची खोकी त्यानं ते बघत बघत तपासली. (नंबर इंग्रजीतच घालून घ्या. आणि सही करण्याआधी दबलेली, ओली, फाटलेली खोकी त्याच कागदावर लिहून फोटो काढा. नुकसानीचा अर्ज करायची मुदत थोडी असते.)

मला वाटलं होतं, सामान आलं की घर होईल. पडदे खिडकीला वीतभर आखूड पडले. चादरी गादीला बसेनात, इथली मापं निराळी. मुलीचे आवडते सँडल निघाले ते तिच्या पायाला येईनात. तेरा आठवड्यांत पाय वाढला होता. तिनं ते घालायचा दोनदा प्रयत्न केला आणि निमूटपणे बाजूला ठेवले. आणि रात्री नवरा म्हणाला, चला, सगळं आलं एकदाचं, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. इतके दिवस माझ्या मनात कुठेतरी होतं की आपलं घर अजून तिकडे आहे, आपण फक्त बॅगा घेऊन आलोय. आता तिकडे माझं काही उरलं नव्हतं. हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. सामान येण्याचा दिवस आनंदाचा असेल असं धरून चालू नका. त्या दिवशी कुणाला जेवायला बोलावू नका, दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या.

बाबांनी भरलेल्या खोक्यांत त्यांनी वर्तमानपत्रं कोंबली होती. उलगडता उलगडता दिसलं, की ती सगळी शब्दकोड्यांची पानं, त्यांनी पेननं सोडवलेली. एक अर्धवट होतं. त्याचा फोटो मी पाठवला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी उठून पाहिलं तर त्यांनी उरलेले सहा शब्द लिहून पाठवले होते, आडवे कुठले, उभे कुठले ते नीट मांडून, बाकी काही नाही. मी ते पेन्सिलीनं भरले. पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

सात घनमीटरांपैकी काय खरंच लागलं ते आता आठ महिन्यांनी सांगू शकते. पुस्तकं, सगळी. आजीचं मशीन, त्यावर मी पडद्यांना खाली पट्टी जोडली आणि आता ते पुरतात. मुलीचं मांजराचं खोकं. फोटोंचे अल्बम. अंगावरची पांघरुणं. टी-सेट अजून कागदातच आहे. लाकडी टेबल दाराच्या आत वळेना, पाय काढावे लागले आणि ते अजून जोडलेले नाहीत. कपड्यांपैकी अर्धे इथल्या हवेला उपयोगाचे नाहीत. साडेतीन घनमीटरांत माझं भागलं असतं.

आई-बाबा पुढच्या वर्षी यायचं म्हणताहेत. परवा मी इथल्या दुकानातून घडीच्या दोन-तीन खुर्च्या बघून आले, बसून पाहिलं. एकीचीही पाठ तशी नाही. घरी येऊन मापं आठवून हिशोब केला. ती खुर्ची घडी घातल्यावर एक दशांश घनमीटरही भरली नसती.

पाचपैकी साडेतीन.